बोरीकाठचं हिरवं विरजण

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या कॉलेजातली मंडळी माथेरानला जातात, कुणी अष्टविनायक करतात, निदान माहेरी तरी जातात. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हाच्या एका सुट्टीत मी मात्र बुरसलेल्या ज्वारीच्या पिशव्या घेऊन खानदेशात गेले. नवऱ्याने स्टँडवर पिशवी हातात देताना एवढंच विचारलं, "परत येताना काय आणणार, पाव?"

ज्वारी मी मुद्दाम बुरसवली होती. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मातीत बुरशीच्या शेकडो जाती नांदतात. काही पिकाची मुळं खातात, आणि काही त्या मुळं खाणाऱ्या बुरशीलाच खातात. ट्रायकोडर्मा ही दुसऱ्या प्रकारातली; तीच मी त्या ज्वारीवर वाढवली होती. काचेच्या बशीत दोन्ही शेजारी शेजारी वाढवल्या, की ट्रायकोडर्माचे धागे दुसरीच्या धाग्यांना वेटोळं घालतात आणि हळूहळू सगळी बशी हिरवी होते. हा खेळ मी वर्षानुवर्षं मुलांना दाखवत आले होते. पण बशी म्हणजे वावर नव्हे, आणि वावरात तो कसा होतो हे मी कधी पाहिलं नव्हतं.

मंगला माझी जुनी विद्यार्थिनी. ती धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवायची. उन्हाळ्यात कसल्याशा शिबिरासाठी पुण्याला आली होती, तेव्हा घरी जेवायला आली आणि जेवता जेवता म्हणाली, "मॅडम, तुमची ती हिरवी बुरशी आमच्या कांद्याला चालेल का? दोन वर्षं झाली, आबांचे डोंगळे बुडापासून सडतायत. यंदा गेले तर आजोबांचं बी संपलं."

डोंगळे म्हणजे बियाण्यासाठी लावलेला कांदा. निवडक पोसलेले कांदे दिवाळीनंतर पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना लांब दांडे फुटतात, टोकाला पांढरे गोंडे येतात आणि त्यात काळं बी धरतं. माझं माहेर अलिबागकडचं. आमच्याकडे पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घालून आढ्याला टांगतात, आणि लग्नात मुलीला काय दिलं यापेक्षा तिच्या घरचं कांद्याचं बी कसं आहे यावर बायका जास्त बोलतात. त्यामुळे "बी संपलं" म्हणजे काय हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

अमळनेरच्या पुढे

अमळनेरला उतरले तेव्हा सकाळची थंडी होती आणि स्टँडवर सरकीच्या तेलाचा वास होता. मंगला न्यायला आली होती. तिथून बोरी नदीच्या कडेकडेने गाव. आमच्या कोकणात रस्त्याने जाताना पुढचं वळण दिसत नाही. इथे बैलगाडी दिसायला लागल्यापासून आपल्यापाशी पोचेपर्यंत एक गाणं म्हणून होतं. काळीभोर, भेगाळलेली जमीन, वेचणीला आलेला कापूस, आणि मधूनमधून कांद्याच्या रोपांचे हिरवे तुकडे.

घर एकच, पण मधे नवी विटांची भिंत. अलीकडे मंगलाचे वडील, आबा. पलीकडे तिचे थोरले काका, नाना, आणि काकू, अक्का. दोन्ही घरांत भिंतीवर बुद्धाची सारखीच तसबीर, सारखीच शेवंतीची माळ. माळा अक्काच करायच्या. मंगलाची आई लहानपणीच गेली, तिला वाढवलं अक्कांनी. भाऊ मात्र दोन हिवाळे एकमेकांशी बोलले नव्हते.

त्याचं कारण कांदा. दोघांच्या वडिलांनी गिरणीत जन्म घालवून नदीकाठी रान घेतलं आणि घरचं बी धरलं. वाटणीत वरचं वावर नानांना आलं, खालचं आबांना. विहीर एक, पाट एक, शेणखताचा खड्डा एक. पहिल्यांदा सड लागली तेव्हा आबा म्हणाले, वरच्या पाण्यातून रोग आला. नाना म्हणाले, तू सडका कांदा पाटात फेकलास म्हणून माझ्याकडे लागला. त्यावर दोघेही असं काही बोलले की ते परत घेता येईना.

आबांनी मला वावर दाखवलं. आदल्या वर्षीचा एक वाळका बुडखा त्यांनी जपून ठेवला होता. हातात घेतला तर मुळाची चकती तपकिरी, भुशासारखी सुटणारी.

"पात आधी टोकाकडून पिवळी पडते," ते म्हणाले. "मग उपटायला गेलो, की जोर लावावाच लागत नाही. आपसूक हातात येतो." थोडं थांबून म्हणाले, "बाई, तुमचं औषध लागू पडंल ना?"

"औषध नाही ते, आबा. जिवंत आहे. मातीत रुजलं तर काम करेल."

"आणि नाही रुजलं तर?"

मी खरं ते सांगितलं. "मी वावरात कधी वापरलेलं नाही."

त्यांनी मान हलवली. बरं वाटलं की वाईट, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. घरी लावणीचे कांदे त्यांनी पोत्यावर पसरून ठेवले होते. दोन वर्षांच्या सडीतून वाचलेले, गडद लाल, बारीक मानेचे. फार नव्हते.

ज्वारीच्या पिशव्या मी मागच्या पडवीत पाण्याच्या रांजणाशी ठेवल्या, कारण घरात तिथेच गारवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा सऱ्या पाडून आले आणि मी पिशव्या आणायला गेले. पहिली उचलली. आत ज्वारी होती. पांढरीशुभ्र, टपोरी, पाखडलेली. दुसरीतही तीच. कापसाचे बोळे जाऊन तोंडाला सुतळीच्या नीटस गाठी आल्या होत्या.

मी तिथेच उभी राहिले. हिरवी बुरशी रातोरात अशी निवळत नाही.

"मंगला," मी हाक मारली, "इथे कोण आलं होतं?"

आल्या होत्या अक्का, पहाटे, पाणी भरायला. मंगलाने भिंतीपलीकडे हाक मारली तशा त्या पदराला हात पुसत आल्या. माझ्या हातातली पिशवी पाहून त्यांनी आधी मलाच धीर दिला.

"तुमनी जवारी बुरसायेल व्हती, बहीण. वास ई राहिंता. परवासमा व्हस असं. पाव्हनीले लाज वाटाले नको म्हनीसन मी कोनले सांगं नही. ती फेकी दिनी आनि आम्हना घरनी चांगली जवारी भरी दिनी."

पाहुणीला लाज वाटू नये म्हणून बुरसलेली फेकून घरची चांगली भरली होती. पिशव्यासुद्धा धुतल्या होत्या. मला रडावं की त्यांच्या पाया पडावं कळेना.

आबांना मात्र कळलं. म्हणजे त्यांना वाटलं, की कळलं. "हे नानांनी करवलं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच तो ऐकवत नव्हता. "माझं वावर सुधारू नये म्हणून. वहिनी, तुम्ही पण?"

अक्कांचा हात पदरातच राहिला. मंगला म्हणाली, "आबा, काय बोलता!" तोवर भिंतीपलीकडून नाना आले होते. उंच, वाकलेले, हातात बैलांचा कासरा. दोन वर्षांत पहिल्यांदा ते या पडवीत आले असावेत, पण भावाकडे न बघता मंगलाशीच बोलले.

"तुझ्या बापाला सांग, चार दाणे सडके फेकले म्हणून स्वतःच्या वहिनीवर असा आळ घेऊ नये."

मी विचारलं, "अक्का, कुठे फेकलीत?"

"खड्डामा," त्या म्हणाल्या. "खतना खड्डामा."

खड्डा घरामागे होता, दोन्ही घरांच्या मधोमध. कडेला चिंचेची सावली. शेण, राख, कडब्याची चिपाडं, भाजीचे देठ, आणि अर्धं कुजून काळं पडलेलं जुनं खत. त्यावर माझी ज्वारी विखुरली होती. वर अक्कांनी रोजच्यासारखं भांडी विसळलेलं पाणी ओतलं होतं. मी खाली उतरले. पाय घोट्यापर्यंत शेणात. मूठभर खत उचलून पाहिलं: ओलसर, कोमट, चोळलं तर मोडणारं. हिरवे दाणे त्यात चिकटले होते.

मला एवढा वेळ ज्वारी गेल्याचं दुःख होतं. तिथे उभी असताना हळूहळू वाटायला लागलं, की ती गेलेली नाही. माझ्या पिशवीत तिला मोजकंच खाणं होतं. इथे ओल होती, सावली होती, आणि खायला हा एवढा खड्डा होता. कुठेतरी वाचलेलंही आठवलं, की खतात मुरवून ही बुरशी वाढवतात. बियाला चोळण्यापेक्षा ते बरं. पण वाचलेलं आणि पायाला लागलेलं यात फरक असतो.

वर चौघं उभी होती. दोघं भाऊ दोन टोकांना.

"हे इथून नेऊ नका," मी म्हणाले. "वरखाली करून ओलं ठेवा, वर गोणपाट टाका. आठवडा-पंधरवड्यात सगळं खत हिरवं होईल, आणि मग तेच खत सरीत घाला. जास्तच होईल, कमी नाही."

"अर्धा खड्डा माझा आहे," नाना म्हणाले. "मी माझी गाडी उद्या भरणार. माझ्या वावरात मी बुरशीनाशक ओततो, मला असलं काही नको. बुरशीवर बुरशी म्हणजे चोरलेच राखनले बसाडनं."

"न्या तुमचं अर्धं," आबा प्रथमच थेट म्हणाले. "मला तरी कुठं हवंय उसनं."

मी हताश होऊन मंगलाकडे पाहिलं. तेवढ्यात अक्का पुढे आल्या.

"शेन मी टाकस," त्या म्हणाल्या. "राख मी टाकस. तुम्हनी दोन्हीसनी एक टोपली तरी शे का या खड्डामा? खड्डा मना शे. बाई सांगतीन तवय निंघी. तवलगून कोनीच हात लावाना नही."

दोघा भावांना आयुष्यभर त्यांनीच जेवायला वाढलं होतं. नाना वळून गोठ्याकडे गेले. आबा गोणपाटं आणायला.

संध्याकाळी अक्का माझ्यापाशी बसल्या. ही बुरशी नक्की करते काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ही चांगली बुरशी, ती वाईट बुरशीला वाढू देत नाही, थोडी टाकली की सगळ्यात पसरते. त्यांनी विचार केला.

"म्हनजे मी खड्डाले विरजन लायं," त्या म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

असोदा

खत मुरेपर्यंत मला तिथे नुसतं बसवेना. दर तासाला गोणपाट उचलून बघायची पाळी आली असती. मंगला म्हणाली, सासरी चला. तिचं सासर जळगावजवळ असोद्याला.

असोद्याची वांगी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दुधीच वाटली. हिरवी, लांबोडकी, हातभर. ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. काड्या चटकन पेटतात, जाळ उंच जातो आणि विझतोही लवकर, म्हणून एकजण सतत काड्या सारत बसतो. भाजलेली वांगी सोलून, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचतात, आणि वर कांद्याची पात, भरपूर, देठांसकट. मळ्यातच पंगत. केळीच्या पानावर भरीत, पुऱ्या, आणि एका कडेला कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडदाची, खरपूस, जराशी करडी.

आमच्या अलिबागला पाहुण्याला वाढताना "थोडंसं घ्या ना" म्हणतात. इथे विचारतच नाहीत. मंगलाच्या सासूबाईंनी तिसऱ्यांदा भरीत घातलं तेव्हा मी पानावर हात आडवा धरला, तर हातावर वाढलं.

जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही एवढ्या लांबून दुसऱ्याच्या शेतासाठी आलात. तुमच्या घरी शेती आहे?"

"होती. भावाने विकली."

"मग बी?"

भावाने वाडी विकली तेव्हा आम्ही जागेचा विचार केला, विहिरीचा केला, झाडांचा केला. आढ्याच्या वेण्या त्या घराबरोबर गेल्या. आमच्या आईचं बी आता कुठे आहे, आहे की नाही, हे मला माहीत नाही. मी बाजारातून कांदा आणते. केळीच्या बागेतून संध्याकाळचं गार वारं येत होतं. मी विचार करत बसले, की आबांच्या पोत्यावरचे ते थोडेसे लाल कांदे मी कोणाच्या भरवशावर पणाला लावले आहेत. एका बशीच्या.

धुळे

धुळ्याला मंगलाची शाळा उघडली होती, म्हणून तिच्याबरोबर गेले. तिथे हमीदभाईंचं शेतीच्या औषधांचं दुकान होतं. नाना त्यांचं जुनं गिऱ्हाईक, आणि मंगला म्हणाली, नाना ऐकतात तर यांचंच. मी जरा साशंकच होते. जो बाटल्या विकतो तो बाटली नको असं कशाला म्हणेल?

हमीदभाई साठीचे, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड भिंगं. दुकानात औषधांचा डोकं धरणारा वास. त्यांनी आम्हाला बाहेर बाकावर बसवलं आणि शेवभाजी मागवली. लाल तर्री पाहून माझा चेहरा उतरला, तर म्हणाले, "मॅडम, ही धुळ्याची परीक्षा आहे. पास व्हावंच लागतं." मी पास झाले, डोळ्यांतून पाणी काढत.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"हे जिवंत आहे. मग नानांचं बुरशीनाशक त्यावर पडलं तर?"

"मरेल. ते औषध चांगली-वाईट बघत नाही."

"हां." ते काचेच्या कपाटाकडे बघत राहिले. "मी चाळीस वर्षं हे विकतो. वाईट माल विकत नाही. पण एक गोष्ट मला खटकते. डॉक्टरकडे पेशंट बरा होऊन परत येत नाही. माझ्याकडे तेच गिऱ्हाईक दरवर्षी तेच दुखणं घेऊन येतं, आणि म्हणतं, यंदा जरा कडक द्या." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "नानांना मी सांगतो. सगळं वावर नका देऊ या बुरशीला, म्हणतो. बांधालगतची एक पट्टी ठेवा म्हणतो, तिथे औषध नको. एवढं ते माझं ऐकतील."

"पण तुमचं नुकसान?"

"वावर मेलं तर औषध कुणाला विकू?" ते म्हणाले, आणि आतल्या नोकराला चहा सांगितला.

पुन्हा बोरीकाठी

परत गेलो तेव्हा अक्का दारातच होत्या. काही न बोलता त्यांनी माझा हात धरून खड्ड्यापाशी नेलं आणि गोणपाट उचललं.

खत हिरवं झालं होतं. ठिकठिकाणी, मखमलीसारखं, कडेला पांढरं आणि मधे शेवाळी. वर ओल्या मातीचा वास, कुबट नाही. मी ते आयुष्यभर बशीत पाहिलं होतं. गाडीभर कधीच नाही. हात घातला तर आत कोमट लागलं.

आबा मागे उभे होते. "रुजलं म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"खतात रुजलं. वावराचं आता वावर सांगेल."

हमीदभाईंचा निरोप नानांपर्यंत पोचला होता. त्यांनी आपल्या वावरात बांधालगत एक पट्टी औषधाशिवाय सोडली होती. तसं ते मला बोलून मात्र दाखवेनात. सकाळी त्यांनी गाडी खड्ड्याला लावली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "किती घालू तेवढं सांगा. मन मानत नाही, पण घालतो तर नीट घालतो."

लावणी दोन्ही वावरांत एकाच दिवशी झाली. सरीत हिरवं खत, त्यावर माती, त्यात कांदा, मान वर. मीही कांदे लावले. अक्कांनी माझे दोन कांदे उपटून पुन्हा सरळ लावले. बांधाच्या या बाजूला आबा, त्या बाजूला नाना, पाठी एकमेकांकडे. ओळ संपली की दोघेही सरळ उभे राहून कमरेला हात लावायचे, अगदी एकसारखे. मंगलाने मला खूण केली. हसू आम्ही दोघींनी गिळलं.

फाल्गुनात

हिवाळाभर मी पुण्यात शिकवत होते, पण मन वाफ्यात होतं. काय झालं ते मंगलाला विचारायची हिंमत झाली नाही. फाल्गुन लागला तशी रजा काढून गेले.

मंगलाबरोबर अमळनेरकडून येताना लांबूनच पांढरं दिसायला लागलं. जवळ गेल्यावर गुणगुण ऐकू आली. छातीइतके उंच दांडे, प्रत्येकावर पांढरा गोंडा, आणि गोंड्यागोंड्यावर मधमाश्या. कांद्याच्या फुलाला मंद गोड वास असतो हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे बियाला ठेवलेले कांदे मोजकेच असायचे, त्यांचा वास घ्यायला मी कधी जवळ गेले नव्हते.

आबा मला ओळीओळीने फिरवून आणत होते. गेल्या वर्षी निम्म्याहून जास्त दांडे आडवे झाले होते. यंदा ओळी भरलेल्या होत्या. सगळ्या नाही, मधे मधे पिवळा, वाकलेला दांडा होताच, आणि आबा प्रत्येकापाशी थांबून तो मला दाखवत होते, जणू काही लपवलं तर उरलेलं खोटं ठरेल. पलीकडे नानांच्या वावरातही फरक दिसत होता. बांधालगतची पट्टी दाट होती, तिच्यापलीकडे विरळ, मधे भगदाडं. नाना त्या हद्दीवर येऊन उभे होते आणि दोन्हीकडचे दांडे बघत होते.

मग आबा मला खालच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे सगळं गेलं होतं. बांधाच्या अगदी बुडाशी, दोन-तीन वाफे, दांडे आडवे, पात काळी.

"इथं का गेलं?" त्यांनी विचारलं. "खत तर इथंही घातलं."

मी खाली बसले. माती बोटांना चिकटत होती. चिखल. बाकी वावर कोरडं आणि इथे चिखल. बांधाला हात लावला तर तोही ओला. वर नानांचा पाट होता. बांधाला लागून वाहायचा आणि आतून झिरपायचा. ही बुरशीसुद्धा श्वास घेते. पाण्यात बुडवली तर ती काय राखण करणार?

मला ते बोलायला नको वाटलं. दोन वर्षांपूर्वी आबा म्हणाले होते तेच हे होतं, वरच्या पाण्याचं. मी बोलले तर भांडणाला मीच नवी काडी लावल्यासारखं. आणि न बोलावं, तर पुढच्या वर्षी पुन्हा कोपरा जाणार. मी वर बघितलं. नाना बांधावर उभे होते. त्यांनी माझा हात ओल्या बांधावर पाहिला होता.

"पाझर शे," ते म्हणाले.

आबांनीही वाकून बांधाला हात लावला.

नाना गेले. मला वाटलं, निघून गेले. पण ते फावडं घेऊन आले. पाट बांधापासून आत सरकवायचा तर वाटेत डोंगळ्यांची एक सबंध ओळ येत होती, आणि ती बांधालगतच्या पट्टीतली, त्यांची सगळ्यांत भरलेली. त्यांनी पहिल्या दांड्याला हात घातला, बुडाशी धरला आणि उपटला. कांदा घट्ट होता, मुळं पांढरी. त्यांनी ती मुळं क्षणभर बघितली आणि दांडा बाजूला ठेवला. मग दुसरा.

"नाना," आबा म्हणाले. "राहू द्या. बी धरलंय आता. पाट काय, पुढल्या वर्षी काढू."

मान वर न करता नाना म्हणाले, "पुढला साललगून रोग काय वाट दखी का?" आणि तिसरा दांडा उपटला.

मंगलाच्या हातातली पाण्याची कळशी आबांनी बाजूला ठेवली, विहिरीकडच्या झोपडीतून दुसरं फावडं आणलं आणि बांध ओलांडून ते वरच्या वावरात गेले. नाना खणत होते त्या टोकाला नाही, दुसऱ्या टोकाला. तिथून त्यांनी खणायला सुरुवात केली.

अक्का उपटलेले दांडे गोळा करत होत्या. गोंड्यांवर अजून मधमाश्या होत्या. उचलले तरी उडत नव्हत्या. त्यांनी काही दांडे माझ्या हातात दिले आणि आम्ही दोघी बांधावर बसलो. नवा पाट दोन्ही टोकांकडून जवळ येत होता. मधे थोडंसं अंतर राहिलं तेव्हा नाना थांबले, कमरेला हात लावून सरळ झाले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा भावाकडे बघून म्हणाले, "जरा डावीकडे घे रे. उतार तिकडे आहे."

आबांनी डावीकडे घेतलं.